सोमवारचं चित्र आणि बुधवारचं डांबर

पार्श्वभूमी

दापोली ते गुहागर या पट्ट्यातलं मच्छीमारांचं एक गाव. खाडीच्या तोंडाशी जेटी, जेटीच्या उत्तरेला लांब पुळण, मागे सुरूचं बन. त्याच्या किनाऱ्याला लागलेलं डांबर आणि त्याचा उगम उपग्रहाच्या चित्रात शोधण्याचा प्रयत्न, याची ही हकीकत. गावाचं नाव आणि माणसांची ओळख इथे झाकली आहे. या प्रकरणातली बरीच मंडळी आजही त्याच जेटीवरून समुद्रात जातात आणि त्यांच्या मासळीच्या भावाशी या गोष्टीचा थेट संबंध आहे. तो कसा, ते पुढे येईल.

काळ मे महिन्याच्या मध्याचा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे मे म्हणजे होड्या ओढून शाकारण्याआधीची शेवटची कमाई. वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची शेवटची काही घरटी उबायची बाकी होती. पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या किनाऱ्याला डांबराच्या गोळ्या लागणं नवं नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. या दिवसांत वारा समुद्राकडून जमिनीकडे जोर धरतो, किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो, आणि खुल्या समुद्रात इतके दिवस तरंगणारं सगळं किनाऱ्याकडे ढकललं जातं.

मोठे अपघात निराळे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली. ४ ऑगस्ट २०११ रोजी कोळसा घेऊन जाणारं रॅक कॅरियर मुंबईच्या समुद्रात बुडालं. अशा वेळी तेल कुठून आलं हे शोधावं लागत नाही. या प्रकरणात मात्र कोणतंही जहाज बुडालं नव्हतं, कुणी मदत मागितली नव्हती, कुठेही बातमी नव्हती. नुसतं डांबर होतं.

नेमकं काय झालं

मंगळवारी रात्री परतलेल्या दोन नौकांची जाळी काळी झाली होती. बुधवारी सकाळी पुळणीवर भरतीरेषेच्या कडेने डांबराच्या गोळ्यांची माळ पडलेली दिसली. वाटाण्यापासून लिंबाएवढ्या, वरून कडक, फोडल्या तर आतून चिकट, काहींवर शिंपले चिकटलेले. जाळी धुवायला खलाशांनी डिझेल काढलं. हा नेहमीचा उपाय आहे आणि तो वाईट आहे, कारण समुद्रातून आलेलं तेल त्यामुळे खाडीत उतरतं आणि वर डिझेलची भर पडते.

मच्छीमार सोसायटीच्या चेअरमननी तालुक्याच्या महाविद्यालयातल्या एका प्राध्यापकांना फोन केला. ते दूरसंवेदन शिकवतात आणि त्यांचा विद्यार्थ्यांचा छोटा गट उपग्रहांच्या फुकट मिळणाऱ्या चित्रांवर काम करतो. चेअरमनचं बोलणं सरळ होतं. "सर, आलंय ते आलं. मला एवढंच सांगा, अजून येणार आहे का? आणि कुणाचं आहे? उद्या पोरं पाठवू की नको?"

या एका फोनमध्ये तीन वेगवेगळे प्रश्न होते. मागे काय झालं, पुढे काय होणार आणि जबाबदार कोण. पहिले दोन दिवस गटाने या तिन्हींचं उत्तर एकाच चित्रात शोधलं, आणि पुढचा बहुतेक गोंधळ तिथून सुरू झाला.

समोर काय पर्याय होते

पहिला पर्याय काहीच न करण्याचा. "दरवर्षी येतं, पावसात वाहून जातं" असं म्हणणारे गावात बरेच होते आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. दुसरा, तलाठ्यांकडून पंचनामा करून घ्यायचा, तक्रार द्यायची आणि थांबायचं. तिसरा, उपग्रहाचं चित्र स्वतः पाहायचं आणि काही सापडलं तरच वर कळवायचं. चौथा सोसायटीतल्या तरुणांचा. चित्र मिळालं की वर्तमानपत्राला द्या, मग यंत्रणा आपोआप हलेल.

गटाने तिसरा निवडला आणि पंचनाम्याचं काम चेअरमनवर सोपवलं. चित्र पाहणं चुकीचं नव्हतं. अडचण "सापडलं तरच कळवायचं" या अटीत होती. समुद्रातल्या तेलगळतीबाबत देशपातळीवरचा समन्वय भारतीय तटरक्षक दलाकडे आहे. त्यासाठीची राष्ट्रीय आपत्कालीन योजना १९९६ पासून अस्तित्वात आहे. पहिली खबर देताना पुरावा सोबत हवा असं कुठेही नाही. जाळी काळी झाली, अमुक खोलीवर, अमुक वेळी, एवढं पुरेसं होतं. पण आपण रिकाम्या हाताने बोललो तर कोण ऐकेल, या संकोचाने खबर बुधवार सकाळऐवजी गुरुवारी संध्याकाळी गेली. साधारण दीड दिवस गेला.

चित्र कोणतं मिळालं

रडार उपग्रहाला सूर्यप्रकाश लागत नाही आणि ढग आडवे येत नाहीत, म्हणून समुद्रावर पाळत ठेवायला तो सोयीचा. युरोपच्या सेंटिनेल-१ची चित्रं कुणालाही फुकट मिळतात. पण हा काळ असा होता की दोन उपग्रहांच्या जोडीतला १बी डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला होता आणि १सी अजून अवकाशात गेला नव्हता. एकटा १ए राहिलेला. तो एकाच वाटेवर दर १२ दिवसांनी येतो. नशिबाने त्याची फेरी त्याच आठवड्यातल्या सोमवारी, सकाळी साडेसहाच्या सुमारास झाली होती. पुढची फेरी थेट मेच्या अखेरीस. भारताच्या ईओएस-०४ या रडार उपग्रहाचं त्या दिवसांचं, त्या पट्ट्यातलं चित्र शोधूनही मिळालं नाही. म्हणजे हाताशी एकच चित्र, तेही डांबर लागण्याच्या दोन दिवस आधीचं.

रडार तेल कसं पाहतं, ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. सेंटिनेल-१च्या लहरीची लांबी साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास आहे. ती तिरप्या कोनात पाण्यावर पडते आणि पाण्याच्या पृष्ठभागावरच्या चार ते सहा सेंटीमीटर लांबीच्या बारीक लहरींवरून परतते. या लहरी वाऱ्याने उठतात. तेलाचा पातळ थर त्या दाबून टाकतो. खवळलेल्या पाण्यात तेल ओतलं की ते निवतं हे जुन्या खलाशांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. लहरी दबल्या की रडारकडे काही परतत नाही आणि चित्रात ती जागा काळी दिसते. म्हणजे रडारला दिसते ती तेलाची निशाणी, तेल नव्हे. पाणी गुळगुळीत आहे एवढंच ते सांगतं.

पाणी गुळगुळीत व्हायला तेलच लागतं असं नाही. वारा सेकंदाला दोन-तीन मीटरपेक्षा कमी असेल तर लहरी उठतच नाहीत, सगळंच काळं दिसतं. वारा दहा-बारा मीटरच्या वर गेला तर तेल लाटांत घुसळलं जातं आणि असूनही दिसत नाही. शिवाय प्लवकांचा स्राव, मासळीचं तेल, पावसाची सर, दोन प्रवाहांची सीमा, बेटाचा आडोसा, या सगळ्यांचे डाग काळेच असतात. आमच्या पश्चिम किनाऱ्यावर फेब्रुवारी ते मे या काळात ट्रायकोडेस्मियम या सूक्ष्मजीवाचे लांबच लांब पट्टे तरंगतात, त्यांचाही विचार करावा लागतो.

चित्रातले तीन डाग

सोमवारच्या चित्रात तीन जागा काळ्या होत्या.

एक, किनाऱ्यापासून तीन ते आठ किलोमीटरवर, गावाच्या बरोबर समोर, मोठा पसरट डाग. दुसरी, किनाऱ्यापासून साधारण ६० किलोमीटर आत समुद्रात, वायव्य-आग्नेय दिशेची, २६ किलोमीटर लांबीची बारीक रेघ. तिसरे, खाडीच्या तोंडापासून बाहेर गेलेले वळणावळणाचे पातळ धागे.

तिसऱ्याचा निकाल लवकर लागला. ओहोटीचं पाणी बाहेर पडताना भरतीच्या पाण्याला भिडतं, तिथे फेस आणि कचरा गोळा होतो. तो पट्टा गावातला कुणीही बोटाने दाखवू शकतो.

पहिला डाग मात्र सगळ्यांना भावला. जाळी काळी झाली ती त्याच पाण्यात, डांबर लागलं ते त्याच किनाऱ्याला आणि डाग बरोबर समोर. बुधवारी रात्री गटातल्या एका विद्यार्थ्याने त्या डागाभोवती लाल वर्तुळ काढलं आणि चित्राचा फोटो मित्राला पाठवला. सकाळपर्यंत तो गावाच्या, मग तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरला, "आपल्या समोर तेल" अशा ओळीसह. गुरुवारी जेटीवरच्या लिलावात बाहेरचे व्यापारी मागे सरले. ज्या नौका त्या पाण्यात गेल्याही नव्हत्या त्यांची मासळीही पडून राहिली.

गुरुवारी सकाळी प्राध्यापक जेटीवर आले ते खरं तर नमुने घ्यायला. तिथे त्यांनी एका वयस्क तांडेलांना, म्हणजे नौकेच्या कप्तानांना, तो डाग दाखवला आणि विचारलं, "काका, सोमवारी पहाटे तुम्ही इथे होता का?"

"इथेच होतो. वारा कुठे होता सोमवारी! मतलई पडलेली आणि खारा वारा सुटायला अवकाश. इंजिन बंद केलं तर होडी जागची हलेना."

"पाण्यावर तेल दिसलं?"

"पाणी चकचकीत होतं. पण ते वारा पडला की असतंच. तेलाचा वास येतो, सर, तो नव्हता."

या दोन मिनिटांच्या बोलण्याने जे कळलं ते संगणकावर कळलं नसतं. हवामानाच्या बऱ्याच प्रारूपांत एक चौकट २५-३० किलोमीटरची असते. किनाऱ्यालगतचा पहाटेचा पडलेला वारा त्यात दिसत नाही. आणि कोकणात उपग्रहाची वेळ नेमकी अशी आहे की रात्रभरचा, जमिनीकडून वाहणारा मतलई वारा मंदावलेला असतो आणि समुद्राकडचा खारा वारा सुरू झालेला नसतो. त्यामुळे या उपग्रहाच्या सकाळच्या चित्रांत कोकण किनाऱ्याजवळ असे काळे डाग वारंवार येतात. मग चित्र पुन्हा नीट पाहिल्यावर बाकीच्या खुणाही जुळल्या. डागाची कड कुठेही धारदार नव्हती, काळेपणा हळूहळू विरत जात होता. खाड्यांच्या तोंडासमोर, जिथे दरीतून वारा बाहेर पडतो, तिथे उजळ पट्टे होते आणि डोंगरांच्या आडोशाला काळे. तेल डोंगराची सावली पाळत नाही. मंगळवारच्या सेंटिनेल-२च्या रंगीत चित्रातही त्या जागी काही नव्हतं. मात्र मे महिन्यात सूर्य कोकणच्या जवळपास डोक्यावर असतो आणि पाण्याच्या चकाकीत बरंच काही लपतं, म्हणून त्याला फार वजन दिलं नाही. ट्रायकोडेस्मियमचे पट्टे नाहीत, एवढं त्यातून म्हणता आलं.

राहिली रेघ. तिच्याभोवतीचं पाणी व्यवस्थित उजळ होतं, म्हणजे तिथे वारा होता. प्रारूपाप्रमाणे सेकंदाला साधारण पाच मीटर, वायव्येकडून. हा वारा तेल शोधायला उत्तम. रेघेची एक कड धारदार, दुसरी विसकटलेली, वाऱ्याने तवंग ढकलला की होते तशी. वायव्येचं टोक रुंद आणि फिकट, आग्नेयेचं टोक अरुंद आणि गडद. त्या अरुंद टोकापुढे एक ठळक पांढरा ठिपका. चालत्या जहाजाने मागे तेलकट पाणी सोडलं की असंच दिसतं. रुंद भाग जुना, अरुंद भाग ताजा. जहाज १२ नॉटच्या (ताशी सुमारे २२ किलोमीटर) वेगाने चाललं असेल तर ही रेघ काढायला सव्वा तासाच्या आत वेळ लागला असेल.

जहाजाचं नाव

इथे मोह फार मोठा होता. जहाजं आपलं नाव, जागा आणि वेग एआयएस यंत्रणेवरून सतत सांगत असतात. फुकट संकेतस्थळांवर ती माहिती मिळते. सोमवारी सकाळी त्या परिसरात दोन मालवाहू जहाजं नोंदलेली दिसली. एक दक्षिणेकडे जाणारं, पांढऱ्या ठिपक्यापासून चारेक किलोमीटरवर, वीस मिनिटांच्या फरकाने. सोसायटीतल्या तरुणांना हे पुरेसं होतं. नाव आहे, झेंडा आहे, मालक कंपनी आहे. आता द्या पेपरात.

प्राध्यापकांनी नकार दिला आणि त्यावरून जेटीवर बरीच गरमागरमी झाली. मला त्यांचा नकार बरोबर वाटतो, आणि त्याची कारणं नुसत्या भिडेची नाहीत. फुकट संकेतस्थळं किनाऱ्यावरच्या अँटेनांवर अवलंबून असतात. ६० किलोमीटर म्हणजे ३२ नॉटिकल मैल, त्यांच्या पोचेच्या कडेवर. तिथे न नोंदलेलं जहाज असूच शकतं आणि मुद्दाम यंत्र बंद ठेवणारं जहाज तर दिसणारच नाही. दुसरं, रडारच्या चित्रात चालतं जहाज आपल्या खऱ्या जागेपासून शेकडो मीटर सरकलेलं दिसतं, म्हणून ठिपका आणि एआयएसची जागा तंतोतंत जुळत नाही. पण चार किलोमीटरचा फरक या सरकण्याने भरून निघत नाही. तिसरं म्हणजे पुराव्याला रेघेतलं तेल आणि जहाजातलं तेल यांची जुळणी लागते. चित्र एकट्याने ते करू शकत नाही.

तरीही रेघेचं स्वतःचं महत्त्व होतं. जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखण्यासाठीच्या मारपोल या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे यंत्रघरातलं तेलकट पाणी सोडायचं तर त्यात तेल दशलक्ष भागांत १५ भागांपेक्षा जास्त नको, आणि इतक्या स्वच्छ पाण्याचा असा ठळक तवंग सहसा उठत नाही. तेलवाहू जहाजाला टाकीतल्या मालाचे अवशेष सोडायचे तर किनाऱ्यापासून ५० नॉटिकल मैलांच्या बाहेर जावं लागतं. ही रेघ ३२ मैलांवर होती. म्हणजे ती तेलाची असेल तर ती नियमात बसणारी नव्हती.

किती तेल होतं, हा प्रश्न गुरुवारी दुपारी एका स्थानिक बातमीदाराने विचारला. सरासरी रुंदी ३०० मीटर धरली तर क्षेत्र पावणेआठ चौरस किलोमीटर. एक चौरस किलोमीटरवर एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा थर म्हणजे एक हजार लिटर. पण जाडी रडारला कळत नाही. अगदी पातळ रुपेरी थर असेल तर ०.०४ मायक्रॉन, इंद्रधनुषी रंगांचा असेल तर पाच मायक्रॉनपर्यंत. हिशेब ३०० लिटरपासून ३९ हजार लिटरपर्यंत कुठेही जातो. गटाने दोन्ही आकडे दिले आणि मधला आकडा देण्यास नकार दिला. बातमीत मोठाच आकडा येईल हे सगळ्यांना दिसत होतं. तसंच झालं.

हिशेब जुळत नव्हता

गुरुवारी दुपारी एका विद्यार्थिनीने कागदावर साधं गणित मांडलं आणि सगळ्या गोष्टीची दिशा बदलली. पाण्यावरचा तवंग वाऱ्याच्या वेगाच्या साधारण तीन टक्के वेगाने सरकतो आणि त्यात प्रवाहाची भर पडते. सेकंदाला पाच मीटर वारा म्हणजे १५ सेंटीमीटर, दिवसाला सुमारे १३ किलोमीटर. दुपारचा खारा वारा जोराचा असतो म्हणून १५ ते २० धरले, तरी सोमवारी सकाळी ६० किलोमीटरवर असलेलं तेल मंगळवारी रात्री जाळ्यात आणि बुधवारी पुळणीवर येणं शक्य नाही. त्याला चार ते सहा दिवस हवेत.

शिवाय आलेल्या गोळ्या कडक होत्या, त्यांच्यावर शिंपले बसले होते. ते तेल समुद्रात कित्येक आठवडे फिरलेलं होतं. आणि डांबराच्या सुट्या गोळ्या पाण्यावर थर धरत नाहीत, लहरी दाबत नाहीत. रडारला त्या दिसतच नाहीत. पुळणीवर जे आलं होतं ते सोमवारच्या चित्रात असणं शक्यच नव्हतं. चित्रात जे होतं ते अजून कुठेच लागलेलं नव्हतं.

मग ते लागणार कुठे? वारा आग्नेयेकडे ढकलत होता, किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे. पाच दिवसांत तेल किनाऱ्याशी पोचेपर्यंत ते ६० ते १०० किलोमीटर दक्षिणेला गेलेलं असणार. म्हणजे रत्नागिरीपासून विजयदुर्गापर्यंतचा पट्टा. ज्या गावाने फोन केला होता, घाबरलं होतं, ज्याची मासळी पडून होती, त्या गावाला या रेघेचा धोका जवळजवळ नव्हताच. ज्यांना होता त्यांना काहीच माहीत नव्हतं.

पुढे काय केलं

गुरुवारी संध्याकाळी रेघेचे अक्षांश-रेखांश, वेळ, लांबी, वाऱ्याची स्थिती आणि "तेल असण्याची शक्यता बरीच, खात्री नाही" असा शेरा लिहून संबंधित यंत्रणेला कळवलं. दोन जहाजांचा उल्लेख "या काळात परिसरात नोंदलेली" एवढाच, तोही त्या पत्रापुरता. तेल कुठे सरकेल याचं गणित हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेच्या ऑनलाइन सेवेवर मांडता येतं; गटाने तिथूनही अंदाज काढला आणि कागदावरच्या हिशेबाशी तो ढोबळपणे जुळला.

शुक्रवारी सकाळी चेअरमननी दक्षिणेकडच्या चार सोसायट्यांच्या चेअरमनना स्वतः फोन केले. हा फोन प्राध्यापकांनी करायचा की चेअरमननी, यावर थोडी चर्चा झाली होती. चेअरमननी केला ते योग्य झालं. त्यांनी उपग्रहाचं नावही घेतलं नाही. "रविवारपर्यंत पाण्यावर लक्ष ठेवा, जाळं टाकण्याआधी वास घ्या, काही लागलं तर काचेच्या बाटलीत ठेवा", एवढंच.

गावात लाल वर्तुळाचं चित्र मागे घेणं जास्त कठीण गेलं. गटाने तेच चित्र पुन्हा पाठवलं, डागावर "वारा पडल्याने" असं लिहून. ते फारसं फिरलं नाही. शेवटी तांडेलकाकांचा अर्ध्या मिनिटाचा आवाजी संदेश फिरला आणि शनिवारच्या लिलावाला व्यापारी परतले.

पुळणीची सफाई शुक्रवारी झाली. काहींचा विचार जेसीबीने वाळू उलटून डांबर पुरायचा होता. तो टळला हे फार बरं झालं, कारण पुरलेलं डांबर पहिल्या उधाणात पुन्हा वर येतं आणि घरट्यांजवळ यंत्र फिरवणं म्हणजे अंडी गमावणं. हातमोजे, दंताळी आणि चाळण्या घेऊन, कमीत कमी वाळू उचलत गोळ्या वेचल्या आणि पोत्यांत भरून भरतीरेषेच्या वर ठेवल्या. कासवांची पिल्लं सोडायची जागा साफ झालेल्या उत्तरेच्या टोकाला हलवली.

निष्पत्ती

रविवारी दुपारी दक्षिणेकडच्या एका गावातून फोन आला. पुळणीवर काळे, मऊ, ताजे चट्टे. फार नव्हते. त्यांनी काचेच्या बरणीत नमुना ठेवला होता.

पहिल्या गावचा बुधवारचा नमुना प्लास्टिकच्या पिशवीत, उन्हात, दोन दिवस पडून होता. प्लास्टिकमधली द्रव्यं तेलात मिसळतात, म्हणून तो तपासणीला गेला नाही. गुरुवारी जेटीवर घेतलेला दुसरा नमुना ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून शीतपेटीत ठेवला होता, तो गेला. प्रयोगशाळेने दोन्ही गावच्या नमुन्यांची तुलना करून सांगितलं की हे एकच तेल नाही; उत्तरेकडचं बरंच जुनं, झिजलेलं आहे. दक्षिणेकडचं तेल त्या रेघेतलंच होतं का, हे मात्र कायमचं अनुत्तरित राहिलं, कारण रेघेतला नमुना कुणीच घेतलेला नव्हता. कुठल्याही जहाजावर कारवाई झाली नाही. उत्तरेकडच्या डांबराचा उगम कळला नाही. जाळ्यांच्या नुकसानीचा पंचनामा झाला, पण नुकसान कुणाच्या नावावर टाकायचं हे न ठरल्याने भरपाईचा प्रश्न तसाच राहिला. ज्यांची जाळी गेली त्यांच्यासाठी हे प्रकरण हरल्यातच जमा आहे, आणि ते त्यांनी स्पष्ट बोलूनही दाखवलं.

मेच्या अखेरीस पुढची फेरी झाली तेव्हा वारा वाढलेला होता, समुद्र खवळलेला. चित्रात रेघ नव्हती. त्यावरून तेल नव्हतं असं म्हणता येत नाही, आणि गटानेही तसं लिहिलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

खबर बुधवारी सकाळीच जायला हवी होती, हे वर आलंच. सोमवारच्या रेघेवर बुधवारी दुपारी विमान गेलं असतं तर निदान डोळ्यांनी पाहून जाडीचा अंदाज आला असता, कदाचित नमुनाही मिळाला असता. गुरुवारी संध्याकाळपर्यंत तवंग तुटून पांगलेला असणार. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महागडा निर्णय हाच, आणि तो कुणी ठरवून घेतलेलाही नव्हता.

सरकण्याचं गणित चित्र उघडल्याबरोबर करायला हवं होतं. ते दहा मिनिटांचं काम आहे. बुधवारी रात्री झालं असतं तर दक्षिणेकडच्या गावांना पूर्ण एक दिवस आधी कळलं असतं, आणि समोरच्या डागाकडे लागलेलं लक्षही वेळीच हटलं असतं.

एआयएसच्या नोंदी गुरुवारी शोधल्या गेल्या. फुकट संकेतस्थळांवर जुन्या नोंदी थोडाच काळ राहतात. चित्राची वेळ कळली की त्या वेळेच्या नोंदी लगेच उतरवून ठेवायच्या, वापर पुढे होवो न होवो.

चित्र फुटण्याचा प्रश्न जास्त अवघड आहे. विद्यार्थ्याला दोष देऊन काही साधत नाही. कच्चं चित्र बघणाऱ्या गटात कुठे ना कुठे ते बाहेर जाणारच. आता हा गट किनाऱ्यापासून दहा किलोमीटरच्या आतला भाग झाकूनच चित्र उघडतो आणि त्या भागातला डाग वेगळ्याने, वाऱ्याची माहिती हातात आल्यावर पाहतो. हा उपाय पूर्ण नाही, कारण खरं तेल किनाऱ्याजवळही असू शकतं. पण पहिल्या तासातली घाई त्याने थांबते.

नाव जाहीर न करण्याच्या निर्णयावर गावात अजून दोन मतं आहेत. तरुण म्हणतात, नाव आलं असतं तर निदान चौकशी झाली असती. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण चार किलोमीटर आणि वीस मिनिटांच्या फरकावर एखाद्या जहाजाच्या खलाशांना दोषी ठरवणं, आणि ते त्या गावाने, ज्याची स्वतःची मासळी एका खोट्या वर्तुळामुळे पडून राहिली होती, हे मला पटत नाही.

सोसायटीच्या कार्यालयात आता झाकणाच्या काचेच्या बरण्या, ॲल्युमिनियमचा कागद आणि एक छापील तक्ता ठेवलेला असतो. वेळ, जागा, खोली, वाऱ्याची दिशा, वास, गोळी कडक की मऊ, शिंपले आहेत का. तक्ता भरून फोटो काढून पाठवायचा, आणि खबर त्याच तासाला द्यायची. डिसेंबर २०२४ मध्ये सेंटिनेल-१सी अवकाशात गेल्यावर फेऱ्यांमधलं अंतर कमी होण्याची सोय झाली आहे. उपग्रह येण्याची वेळ मात्र सकाळी साडेसहाचीच आहे, म्हणून किनाऱ्याजवळ काळा डाग दिसला की आधी जेटीवर फोन करून पहाटेच्या वाऱ्याबद्दल विचारायचं, हा गटाच्या कामातला पहिला टप्पा ठरला आहे.